धागा: दहावीच्या गणिताचा सराव संच ब्रेल, आवाज आणि मोठ्या टायपात कसा करायचा?

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. दहावीच्या बीजगणित आणि भूमितीचा सराव संच पाच मुलांपर्यंत पोचवायचा आहे. एक मुलगी ब्रेल वाचते. एक मुलगा लॅपटॉपवर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) लावून ऐकतो. दोघं अल्पदृष्टी आहेत. एकाला वाचन-लेखनाची अडचण आहे, अंकांची उलटापालट होते. संच डीटीपीवाल्याकडून पीडीएफ होऊन आला आहे. "एक्सचा वर्ग उणे पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य" हे समीकरण ऐकणाऱ्या मुलाला "एक्स टू फाइव्ह एक्स प्लस सिक्स इक्वल्स झीरो" असं ऐकू येतं. मराठी मजकुराच्या जागी तर नुसती इंग्रजी अक्षरं बडबडली जातात. आकृत्या म्हणजे चित्रं. पाच मुलांसाठी वेगवेगळे संच करायचे का? सुरुवात कुठून करू?

होटगी_रोड
ताई, पाच नको, एकच. पण तो पीडीएफमधून निघणार नाही. मूळ फाइल युनिकोडमध्ये आणि खऱ्या समीकरणांसह नव्याने टाइप करून घ्यावी लागेल. त्या एका फाइलमधून आवाज, ब्रेल आणि मोठा टाइप तिन्ही निघतात.

तुम्ही लिहिलेल्या वाचनात तीन वेगळे बिघाड आहेत. ते वेगळे ओळखले नाहीत तर एक दुरुस्त करून बाकीचे राहतात.

पहिला बिघाड घाताचा. साध्या पीडीएफमध्ये वर्गाचा २ हा फक्त लहान आकाराचा आणि जरा वर ठेवलेला अंक असतो. तो घात आहे ही माहिती फाइलमध्ये कुठेच नसते. म्हणून "एक्स टू".

दुसरा उणे चिन्हाचा. कीबोर्डवरची आडवी रेघ म्हणजे हायफन. एनव्हीडीएच्या मूळ सेटिंगमध्ये विरामचिन्हांची पातळी "सम" असते आणि त्या पातळीला हायफन वाचला जात नाही. अधिक आणि बरोबर वाचले जातात, उणे गळतं. मुलाला समीकरण अर्धवट ऐकू आलं आहे हे कळतसुद्धा नाही, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तात्पुरता उपाय: एनव्हीडीएची कळ (सहसा इन्सर्ट) आणि पी एकत्र दाबून पातळी "मोस्ट"वर न्या. कायमचा उपाय: खरं उणे चिन्ह वापरा. वर्डमध्ये २२१२ हे आकडे इंग्रजी कीबोर्डवर टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा, चिन्ह येतं.

तिसरा फॉन्टचा. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असणार. त्यात पडद्यावर "क" दिसतो, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचाच क्रमांक असतो. डोळ्याला मराठी, यंत्राला इंग्रजी. कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, पण समीकरणं आधी बाजूला काढून मगच. नाहीतर कन्व्हर्टर समीकरणातल्या खऱ्या एक्स-वायचीही देवनागरी अक्षरं करून टाकतो. आणि नंतर रफार आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास चुका राहतात.

जुळे_सोलापूर
फॉन्टचं अगदी बरोबर, जुनाच आहे. समीकरणं नव्याने टाइप करायची म्हणजे नेमकं काय? मला वर्डच येतं.

होटगी_रोड
वर्ड पुरतं.

ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. एक्स, मग टोपीचं चिन्ह (शिफ्ट आणि ६), मग २, मग स्पेस: वर्ग तयार. अंश, तिरकी रेघ, छेद, स्पेस: अपूर्णांक तयार. अंशात बेरीज असेल तर ती कंसात टाइप करा. वर्ड तो कंस काढून टाकतं, पण तिथवरचा भाग अंशात जातो हे त्यावरूनच ठरतं. क्रेमरच्या पद्धतीतला निश्चयक रिबनवरच्या "मॅट्रिक्स"मधून २ गुणिले २ ची चौकट निवडून करा. उभ्या रेघा आणि टॅब देऊन केलेला निश्चयक दिसायला सारखाच दिसतो, पण ऐकताना चार सुटे आकडे होतात.

मराठी शब्द चौकटीत घालू नका. काना-मात्रा सुट्या पडतात. "म्हणून", "येथे" वगैरे चौकटीच्या बाहेर. समीकरणातले अंकही आंतरराष्ट्रीय ठेवा, नववी-दहावीच्या मराठी पुस्तकातही तेच असतात, आणि इंग्रजी आवाज ते न अडखळता वाचतो.

मग या वर्ड फाइलमधून मॅथएमएल असलेलं पान काढायचं. मॅथएमएल ही गणित लिहिण्याची वेबची प्रमाण भाषा, डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये पहिल्यांदा मान्य केलेली. हा अंश, हा छेद, हा घात असं नातं ती सांगते. दोन मोफत रस्ते आहेत. एक, डेझी कन्सॉर्शियमचं वर्डटूईपब: फाइल दिली की ईपब पुस्तक हातात. दोन, पॅनडॉक हा फाइलींचं रूप बदलणारा प्रोग्राम: आज्ञेत डॅश डॅश मॅथएमएल हा पर्याय द्यायचा आणि एचटीएमएल काढायचं. क्रोममध्ये मॅथएमएल २०२३ च्या जानेवारीत आलेल्या १०९ व्या आवृत्तीपासून नीट दिसतं, फायरफॉक्समध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून. शाळेतल्या संगणकावर जुनं क्रोम असेल तर आधी ते अद्ययावत करा, नाहीतर वर्गमूळ सपाट दिसेल आणि दोष फाइलवर जाईल.

मुलाच्या एनव्हीडीएमध्ये मॅथकॅट (मॅथएमएल वाचून दाखवणारी जोडणी) हवं, ॲड-ऑन स्टोअरमध्ये मोफत मिळतं. समीकरणावर आल्यावर एनव्हीडीए, ऑल्ट आणि एम दाबलं की आत शिरता येतं. उजवा बाण पुढच्या पदावर नेतो, खालचा बाण पदाच्या आत, वरचा बाहेर, एस्केपने सुटका. लांब अपूर्णांक एका दमात ऐकून कुणाच्या डोक्यात राहत नाही. डोळस मूल नजर पुन्हा छेदावर नेतं, तेच या मुलाला बाणाने करता आलं पाहिजे.

विजापूर_वेस
एवढं कशाला? समीकरणाचं चित्र ठेवा आणि पर्यायी मजकुरात (चित्राला जोडलेलं, आवाजाने वाचलं जाणारं वर्णन) वाचन लिहा. "एक्सचा वर्ग उणे पाच एक्स…" झालं की!

सहा_टिंबं
दादा, नाही हो चालत. पर्यायी मजकूर एका झटक्यात वाचला जातो, त्यात मागे-पुढे जाता येत नाही. ब्रेलसाठी तर तो घातकच. ब्रेलची मुलगी "उणे" हा शब्द वाचायला बसलेली नाही, तिला उण्याची खूण हवी. चित्रातून ब्रेल काढलं तर समीकरणाच्या जागी अख्खं मराठी वाक्य उमटतं, आणि त्या वाक्यावर तिला गणित करता येत नाही. शिवाय अल्पदृष्टी मुलाने चित्र मोठं केलं की कडा फुटतात. पर्यायी मजकूर आकृत्यांना हवाच, समीकरणांना नको.

आता ब्रेलचं सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

मराठी मजकूर भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत उमटतो. सहा टिंबांच्या घरात (डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६) ६३ खुणा बसतात, अक्षरंही त्यातच आणि गणितही त्यातच. त्यामुळे एकच खूण दोन कामं करते. नेमेथ या ब्रेलमध्ये गणित लिहिण्याच्या पद्धतीत वर्गमूळाची खूण ३-४-५, भारती ब्रेलमध्ये तोच "आ". अपूर्णांकाची मधली रेघ ३-४, मराठीत "ऐ". अधिकची खूण ३-४-६, मराठीत "ङ". अंकचिन्ह ३-४-५-६, मराठीत "ण". मराठी वाक्याला समीकरण चिकटवून छापलं तर मुलीचं बोट "आ" वाचतं, वर्गमूळ नाही. म्हणून समीकरण स्वतंत्र ओळीवर घ्या, आणि वाक्यातच घ्यावं लागलं तर दोन्ही बाजूंना मोकळं घर सोडा आणि नेमेथ सुरू झाल्याची आणि संपल्याची खूण द्या. सुरू: ४-५-६ आणि मग १-४-६. समाप्त: ४-५-६ आणि मग १-५-६.

नेमेथमध्ये अंक घराच्या खालच्या भागात बसतात: १ म्हणजे टिंब २, २ म्हणजे २-३, ३ म्हणजे २-५. भारती ब्रेलमधले साधे अंक वरच्या भागात: १ म्हणजे टिंब १, २ म्हणजे १-२. पान क्रमांक वरच्या अंकांत आणि गणित खालच्या अंकांत, असं एकाच पानावर येतं. मुलीला ते शिकवलेलं असेल तर ठीक. नसेल तर पहिल्या पानावरच गडबड.

जुळे_सोलापूर
म्हणजे नेमेथच घ्यायचं? यूईबी, म्हणजे युनिफाइड इंग्लिश ब्रेलबद्दलही ऐकलं आहे.

सहा_टिंबं
जे तिला शिकवलं गेलं आहे आणि ज्यात तिची परीक्षेची प्रश्नपत्रिका येते, ते. आधी तिलाच विचारा. दोन्हींची मिसळ मात्र कधीही नको.

फरक समजावा म्हणून तुमचंच समीकरण घेतो. नेमेथमध्ये, जी अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने केली आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली, घरं अशी पडतात: एक्स १-३-४-६, घात सुरू ४-५, दोन २-३, मूळ ओळीवर परत ५, उणे ३-६, पाच २-६, एक्स १-३-४-६, अधिक ३-४-६, सहा २-३-५, मोकळं घर, बरोबर ४-६ आणि १-३, मोकळं घर, अंकचिन्ह ३-४-५-६, शून्य ३-५-६. एकूण १५ घरं. यूईबीमध्ये अंक वरच्या भागात, प्रत्येक संख्येआधी अंकचिन्ह, आणि अधिक-उणे-बरोबर प्रत्येकी दोन घरांचे. तेच समीकरण मोकळी घरं न धरताच १७ घरं घेतं, शिवाय सुरुवातीला ग्रेड एकच्या (इथे संक्षिप्त रूपं नाहीत असं सांगणाऱ्या) खुणा, कारण घाताची ३-५ ही खूण नाहीतर इंग्रजीतल्या "इन"चं संक्षिप्त रूप म्हणून वाचली जाते. लांब समीकरणांत नेमेथ आटोपशीर राहतं. ज्या मुलाचं इंग्रजी यूईबीत झालं आहे त्याला यूईबीचे अंक ओळखीचे वाटतात. दोन्ही बाजूंना दम आहे.

नेमेथमध्ये एक खूण लोक हमखास विसरतात: घातानंतर मूळ ओळीवर परत आणणारं टिंब ५. ते राहिलं तर पुढचं "उणे पाच एक्स" सगळं घातातच अडकतं.

ओळ तोडण्याचा नियमही पाळा. पर्किन्स ब्रेलरवर (ब्रेलचा टाइपरायटर) ओळीत ४२ घरं आणि पानावर २५ ओळी बसतात, एम्बॉसरवर (ब्रेल छापणारं यंत्र) साधारण ४० घरं धरा. समीकरण मावलं नाही तर बरोबरच्या चिन्हाच्या आधी तोडा, तेही जमत नसेल तर अधिक-उण्याच्या आधी. अपूर्णांकाच्या पोटात कधीच नाही. सांख्यिकीचं सहा रकान्यांचं कोष्टक ४० घरांत मावत नाही. आडवे रकाने उभे करा, किंवा "वर्ग ०-१०, वारंवारता ५" अशा ओळी लिहा आणि वर एक सूचना द्या की मूळ पुस्तकात हे कोष्टक आहे.

लिबलुइस या मजकुराचं ब्रेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सारणी आहे आणि ती मोफत आहे. पण यंत्राने काढलेलं ब्रेल ब्रेल जाणणाऱ्या माणसाच्या बोटाखालून गेल्याशिवाय मुलीच्या हातात देऊ नका. एक टिंब चुकलं की २ चा ६ होतो: २-३ आणि २-३-५.

पूर्व_भाग
आमच्याकडे बऱ्याच घरांत तेलुगू, शाळेत मराठी, आणि गणितातली अक्षरं इंग्रजी. आवाज कुठल्या भाषेचा लावावा?

होटगी_रोड
फाइलमध्ये भाषा नोंदवलेली असेल तर एनव्हीडीए आपोआप आवाज बदलतं. वर्डमध्ये मराठी परिच्छेद निवडून "रिव्ह्यू"मधल्या "लँग्वेज"मध्ये मराठी करा. बऱ्याच फाइलींत मराठी मजकुरावरही इंग्रजीच नोंदलेली असते, म्हणून आवाज अडखळतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचणाऱ्या आवाजात मराठी आणि तेलुगू दोन्ही आहेत. समीकरणाचं वाचन इंग्रजीतच ठेवा, पण पहिल्या आठवड्यात मुलासोबत बसून "फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांक, ओव्हर म्हणजे छेद, रूट म्हणजे वर्गमूळ" एवढी जोडणी पक्की करून घ्या.

भूमितीतली चिन्हंही खरी टाका. त्रिकोणाचं चिन्ह लोक वर्डच्या "शेप्स"मधून काढतात, ते वाचलंच जात नाही. कोनासाठी २२२० आणि ऑल्ट-एक्स, त्रिकोणासाठी २५बी३ आणि ऑल्ट-एक्स. लंबासाठी २२ए५. आवाज ते चिन्ह वगळत असेल तर एनव्हीडीएच्या प्रेफरन्सेसमध्ये चिन्हांच्या उच्चारांची यादी आहे, तिथे "कोन", "त्रिकोण" असे शब्द एकदाच घाला.

बाळीवेस
भूमितीच्या आकृत्यांचं मी लिहिते. आधी एक ठरवा: आकृती खरंच लागते का? प्रश्नातल्या शब्दांतच सगळं असेल तर आकृती उमटवण्यात वेळ घालवू नका, वर्णन पुरतं.

वर्णन कसं असावं याचा नमुना. "त्रिकोण पीक्यूआर. बाजू पीक्यूवर बिंदू एम, बाजू पीआरवर बिंदू एन. रेख एमएन बाजू क्यूआरला समांतर. पीएम ९, एमक्यू ६, एनआर ४. पीएन काढा." एवढंच. "एका त्रिकोणात आडवी रेघ आहे" हे वर्णन निरुपयोगी. "आकृतीत दोन समरूप त्रिकोण दिसतात" हे वर्णन उत्तराचा रस्ताच सांगून टाकतं. डोळस मुलाला जे दिलं आहे तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. (उत्तर ६ येतं.)

हाताने उमटवायची आकृती अशी. १४० ते १६० जीएसएमचा ब्रेल कागद, खाली ३ मिलिमीटर जाडीची रबराची चटई, आणि शिंपी कापडावर खुणा करायला वापरतात ते दातेरी चाक. शिलाईचं सामान मिळतं तिथे चाक मिळतं. चाक दाबून फिरवलं की रेघ कागदाच्या पाठीमागे उमटते. म्हणून आकृती आधी आरशातल्यासारखी उलटी काढायची. हे विसरलं की क्यू उजवीकडे आणि आर डावीकडे जातो, आणि मुलगी बरोबर वाचूनही उत्तरपत्रिकेत उलटं लिहिते. सोपा उपाय: मूळ आकृती काचेवर किंवा खिडकीला लावून कागदाच्या पाठीमागून गिरवा. रबरावर ठेवायची प्लॅस्टिकची जर्मन फिल्म मिळाली तर ही कटकट नाही, तिच्यावर पेनाने काढलेली रेघ वरच उमटते, मुलगी स्वतः रचना काढू शकते.

दोन समांतर रेघांत किमान ३ मिलिमीटर अंतर ठेवा, त्याहून जवळच्या रेघा बोटाला एकच लागतात. नाव लिहायचं ब्रेल अक्षर शिरोबिंदूपासून ३ ते ६ मिलिमीटरवर, रेघेला चिकटलेलं नको. कोनाचा कंस दीड सेंटीमीटर त्रिज्येचा तरी काढा, पुस्तकात छापतात तेवढा लहान कंस बोटाला नुसता गाठीसारखा लागतो. आकृती दोन्ही पंजांच्या आवाक्यात मावावी, ए४ पुरे.

वेगवेगळ्या रेघांना वेगळा पोत द्या. त्रिकोणाच्या बाजू दातेरी चाकाने, समांतर रेख दोऱ्याने. सोलापुरात सूत कुठेही मिळतं, पण पीळ नसलेलं सूत चिकटवलं की चपटं होतं आणि चार वेळा बोट फिरलं की तंतू सुटतात. पीळ घट्ट असलेला मेण लावलेला दोरा घ्या. आधारासाठी चादरीच्या मागाला लागणाऱ्या जेकार्डच्या पत्त्यांचा पुठ्ठा फार चांगला, ताठ राहतो, पण कोरा घ्या. छिद्रं पाडलेला पत्ता घेतला तर मुलगी छिद्रांनाच बिंदू समजते.

फुगणारा कागद आणि त्याचं तापवण्याचं यंत्र कुठे उपलब्ध असेल तर काळ्या रेघा फुगून वर येतात, काम झटपट होतं. तिथे दोन खबरदाऱ्या. रेघ १ ते दीड मिलिमीटर जाड ठेवा आणि मोठा भाग काळा भरू नका, तो सगळाच फुगतो आणि शेजारची अक्षरं त्यात बुडतात. दुसरं, आकृती पानात बसवायला लहान करताना ब्रेल अक्षरं लहान होऊ देऊ नका. घरातल्या दोन टिंबांत अडीच मिलिमीटर आणि दोन घरांत ६ मिलिमीटर हे अंतर हाताच्या बोटाचं माप आहे, ते कमी-जास्त करता येत नाही.

आलेखाचं एक वाक्य: मागच्या चौकटी पूर्ण काढून टाका किंवा सगळ्यात हलक्या ठेवा, अक्ष मध्यम, आणि वक्र सर्वांत उंच.

पाटी_पेन्सिल
अल्पदृष्टीच्या दोघांसाठी सहसा ए४ ची ए३ झेरॉक्स काढून देतात. त्याने काम होत नाही, हिशोब करून बघा. ए४ वरून ए३ म्हणजे १.४१ पट. मूळ टाइप ११ पॉइंट असेल तर साडेपंधरा होतो. पण घाताचा आकार मूळच्या साधारण ७० टक्के, म्हणजे पावणेआठचा जेमतेम ११. मुलाला मजकूर दिसतो आणि घात दिसत नाही. शिवाय झेरॉक्समध्ये उण्याची बारीक रेघ पुसट होते.

माप घातावरून धरा. मजकूर २४ पॉइंट ठेवला तर घात १७ च्या आसपास येतो, ते वाचता येतं. वर्डमधून थेट मोठ्या टायपात छापा, ओळी नव्याने पडू द्या. चकचकीत कागद नको, मॅट घ्या. करड्या रंगाच्या रेघा टाळा. पडद्यावर मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ असं काँट्रास्ट हवं. वृत्तालेखात रंगांवरच फरक ठेवू नका, प्रत्येक भागावर नाव लिहा.

वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलाचं वेगळं. मराठीत दोन अंकी संख्येच्या नावात एकक आधी येतो: पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, लिहायचा २ आधी. ऐकून लिहिताना ५२ होतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" असं वाचन आणलं तेव्हा मोठी चर्चा झाली होती, पण या मुलांना त्या वाचनाचा खरोखर उपयोग होतो. प्रश्न वाचून दाखवताना संख्या एकदा नावाने आणि एकदा अंकी म्हणा: "पंचवीस, दोन पाच". एकोणसाठ आणि एकसष्ट, त्रेपन्न आणि त्रेसष्ट तर नक्कीच. त्याला चौकटीचं पान द्या, एका चौकटीत एकच अंक. आणि एका पानावर दोनच प्रश्न.

जुळे_सोलापूर
लेखनिक मिळणार आहे दोघांना. लेखनिकाला काय सांगून ठेवू?

पाटी_पेन्सिल
वेळेपासून सुरुवात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, तर २ तासांच्या पेपरला ४० मिनिटं. सरावही तेवढ्याच वेळेत घ्या.

मग वाचन. "ए अधिक बी छेद सी" असं म्हटलं तर मुलाला दोन अर्थ लागतात: बेरीज पूर्ण अंशात, की ए वेगळा आणि बी छेद सी वेगळं? ए १०, बी ६, सी २ घेतलं तर एका अर्थाने ८ आणि दुसऱ्याने १३. म्हणून ठरवून असं म्हणा: "अपूर्णांक सुरू, ए अधिक बी, छेद, सी, अपूर्णांक संपला." वर्गमूळाचंही तसंच: "वर्गमूळ सुरू, बीचा वर्ग उणे चार एसी, वर्गमूळ संपलं." कंस उघडला-बंद झाला हे दर वेळी म्हणा. दीड, सव्वा, पावणेतीन टाळा. "एक पूर्णांक एक छेद दोन" म्हणा. मुलगा उत्तर सांगतानाही हीच भाषा वापरेल असं दोघांनी आठवडाभर आधी पक्कं करावं, परीक्षेच्या खोलीत नाही.

फळ्यावरही हेच लागू. "हे इकडून तिकडे नेलं" याने न पाहणाऱ्या मुलाला काही कळत नाही. "दोन्ही बाजूंतून ५ वजा केले" म्हणा. आणि फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणार असाल तर सोबत तीच पायरी बोलून पाठवा.

विजापूर_वेस
पर्यायी मजकुराचं पटलं, सहा_टिंबं. एक शंका: पुस्तकातली उदाहरणं अशी ब्रेलमध्ये काढायला परवानगी लागते का?

सहा_टिंबं
कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तरतूद आली आहे. अपंग व्यक्तींना वाचता यावं म्हणून, नफा न घेता, सुगम रूप तयार करायला वेगळी परवानगी लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफही मोफत मिळतात. तयार पुस्तकं सुगम्य पुस्तकालय या सुगम पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात आधी शोधा, कुणी आधीच केलं असेल तर ते काम पुन्हा नको.

होटगी_रोड
ताई, संच पाठवण्याआधी तपासणी अशी करा. लॅपटॉपचा पडदा पूर्ण काळा करा (एनव्हीडीएत स्क्रीन कर्टन आहे), फक्त ऐकून दुसऱ्या माणसाला समीकरणं वहीत लिहायला सांगा आणि मूळ संचाशी जुळवा. सगळी नाही, ही पाच प्रकारची नक्की: अंशात बेरीज असलेला अपूर्णांक, वर्गसमीकरणाचं सूत्र, ऋण संख्येचा घात, २ गुणिले २ चा निश्चयक, आणि वारंवारता कोष्टक. सूत्रात वर्गमूळ कुठे संपलं हे लिहिणाऱ्याला कळलं नाही तर टाइप करतानाच चौकट चुकली आहे. ऋण संख्येच्या घातात कंस गळला तर "उणे तीनचा वर्ग" ९ ऐवजी उणे ९ होतो.

जुळे_सोलापूर
पहिले चार प्रश्न वर्डमध्ये नव्याने केले, ईपब काढलं. घात, उणे आणि निश्चयक बरोबर वाचले जातात. वहीत लिहून घेतलं तेव्हा सूत्रात "दोन ए" हा छेद फक्त वर्गमूळाखाली गेलेला सापडला. अंश कंसात टाकायचा राहिला होता, दुरुस्त केला. ब्रेल प्रत पुढच्या आठवड्यात एम्बॉसरवर काढून घेणार आहे, मुलीला नेमेथच येतं.

सहा_टिंबं
छान. पहिलं पान एकच काढा आणि तिला वाचायला द्या, मग बाकीचं. पानं आणताना गुंडाळी करू नका आणि दप्तरात पुस्तकांच्या खाली ठेवू नका, टिंबं चेपतात आणि २-५ चा नुसता २ लागतो, म्हणजे ३ चा १. फाइलमध्ये उभी ठेवून आणा.